जॉर्ज सायमन ओहम : शाळेच्या प्रयोगशाळेत नियम शोधणारे शिक्षक



आज आपण एका शिक्षकाचं जीवनचरित्र पाहणार आहोत. त्यांचं नाव नववी-दहावीच्या प्रत्येक मुलाला पाठ असतं, पण ते शिक्षक होते हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. ते म्हणजे जॉर्ज सायमन ओहम.

आधी थोडं माझ्याबद्दल सांगते. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत शिकवते. माझं शिक्षण डी.एड. विज्ञान हा काही माझा खास विषय नाही, पण आपल्याकडे वर्गशिक्षकाला सगळंच शिकवावं लागतं. दोन वर्षांपूर्वी विद्युत परिपथ शिकवत असताना सातवीतल्या एका मुलाने विचारलं की आमच्या बांधीवरची मोटार संध्याकाळी नुसती गुणगुणते, पाणी ओढत नाही, पण डीपीजवळच्या शेतातली मोटार त्याच वेळी चांगली चालते, असं का? मी सांगितलं, व्होल्टेज कमी असतं म्हणून. तो म्हणाला की ते आमच्या बाबांनाही माहीत आहे, पण आमच्याकडेच कमी का? मी फळ्यावर ओहमचा नियम लिहिला आणि तास संपवला. त्याला उत्तर मिळालं नव्हतं. खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं. मला फक्त सूत्र माहीत होतं.

त्या दिवशी घरी येऊन मी ओहम यांच्याबद्दल वाचायला सुरुवात केली. तेव्हा कळलं की हे सूत्र एका शाळामास्तराने शाळेच्या सामानातून, चुकत-चुकत शोधलं आहे.

जन्म आणि बालपण

जॉर्जचा जन्म 16 मार्च 1789 रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग ओहम हे कुलुपं बनवणारे कारागीर होते. आई मारिया एलिझाबेथ ही शिंप्याची मुलगी. या जोडप्याला सात मुलं झाली, पण त्यातली तीनच जगली : जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ. जॉर्ज दहा वर्षांचा असतानाच आई वारली.

वडिलांना शाळा-कॉलेजचं शिक्षण मिळालं नव्हतं. पण त्यांनी स्वतः पुस्तकं वाचून गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र शिकून घेतलं होतं आणि तेच ते दिवसभराचं काम आटोपून मुलांना शिकवत. गावातल्या शाळेत पाठांतरावर भर होता, विज्ञान नावालाच होतं. घरी मात्र एका बाजूला गणित आणि दुसऱ्या बाजूला कानस, हातोडी, तार, पत्रा असं शिक्षण चालायचं. एर्लांगेन विद्यापीठाचे प्राध्यापक लांग्सडोर्फ यांनी या दोन भावांची गणिताची परीक्षा घेतली. मुलांची तयारी पाहून त्यांना बर्नुली या गणितज्ञ घराण्याची आठवण झाली. पुढे मार्टिनही नावाजलेला गणितज्ञ झाला.

पालकांनी इथे थोडं थांबून विचार करावा असं मला वाटतं. आपल्याला शिकता आलं नाही म्हणून मुलाला फक्त शिकवणीला पाठवणं वेगळं आणि स्वतः मुलांसोबत बसणं वेगळं. हातातली कारागिरी आणि डोक्यातलं गणित ही दोन्ही जॉर्जला एकाच माणसाकडून मिळाली.

शिक्षण आणि भटकंती

1805 मध्ये जॉर्ज विद्यापीठात गेला. तिथे मात्र त्याचं मन अभ्यासापेक्षा नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड या खेळांत जास्त रमलं. वडील चिडले. एवढी मेहनत करून शिकवलेला मुलगा वेळ वाया घालवतो हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी त्याला विद्यापीठातून काढून 1806 मध्ये स्वित्झर्लंडला पाठवलं. तिथल्या गोटश्टाट येथील शाळेत तो गणिताचा शिक्षक झाला. वय होतं सतरा वर्षं.

1809 मध्ये ही नोकरी सोडून तो खासगी शिकवण्या घेऊ लागला. लांग्सडोर्फ यांच्या सल्ल्याने त्याने ऑयलर, लाप्लास आणि लाक्रुआ या गणितज्ञांची पुस्तकं स्वतःच्या बळावर वाचली. 1811 मध्ये तो एर्लांगेनला परत आला आणि त्याच वर्षी त्याने डॉक्टरेट मिळवली. तीन सत्रं विद्यापीठात शिकवलं, पण त्या पगारात भागत नव्हतं. मग 1813 मध्ये बांबेर्ग इथल्या एका शाळेत नोकरी धरली. ही शाळा काही चांगली चालत नव्हती आणि 1816 मध्ये ती बंदच पडली. या दिवसांत ओहम यांनी भूमिती कशी शिकवावी यावर एक पुस्तक लिहिलं. ते 1817 मध्ये छापून आलं.

त्याच वर्षी त्यांचं नशीब थोडं उघडलं. कलोन शहरातल्या जुन्या जेझुइट शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायला त्यांना बोलावणं आलं. या शाळेत एक गोष्ट होती जी बांबेर्गला नव्हती, ती म्हणजे चांगली प्रयोगशाळा.

पहिला प्रयत्न आणि पहिली चूक

1820 मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवलं की तारेतून वीज वाहते तेव्हा जवळची चुंबकसुई हलते. म्हणजे वीज मोजण्याचं साधन सापडलं. सुई जास्त वळली तर विद्युतधारा जास्त, कमी वळली तर कमी. वर्ग सुटल्यावर ओहम शाळेच्या प्रयोगशाळेत बसून असे प्रयोग करू लागले. लागणारी बरीच उपकरणं ते स्वतःच बनवत. कुलूपवाल्याच्या मुलाला ते अवघड नव्हतं.

त्यांचा प्रश्न साधा होता. परिपथातली तार लांब केली तर विद्युतधारा किती कमी होते?

1825 मध्ये त्यांनी आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यात लॉगॅरिदमचं एक सूत्र होतं. आणि ते सूत्र चुकलेलं होतं.

चूक गणिताची नव्हती, घटाची होती. त्या काळचे व्होल्टाचे घट स्थिर नव्हते. परिपथ जोडला की जोरात सुरू व्हायचे आणि मग हळूहळू मंदावायचे. त्यामुळे सुई कमी वळली ती तार लांब असल्यामुळे की घट दमल्यामुळे, हे वेगळं करणंच कठीण होतं. एकाच वेळी दोन गोष्टी बदलत होत्या.

आपल्या शाळेतही हेच होतं. दोन सेल, एक बल्ब, एक तार घेऊन प्रयोग सुरू करतो. शेवटपर्यंत सेल अर्धे संपलेले असतात आणि वाचनं काहीच्या काही येतात. मग आपण पुस्तकातली वाचनं वहीत उतरवून घेतो. ओहम यांनी तसं केलं नाही. कारण त्यांच्याकडे उतरवून घ्यायला पुस्तकच नव्हतं.

उकळतं पाणी आणि बर्फ

ओहम यांचे निबंध ज्या नियतकालिकात छापले जात त्याचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्यांना एक सल्ला दिला. घटाऐवजी झेबेक यांची पद्धत वापरून पाहावी. झेबेक यांना 1821 मध्ये आढळलं होतं की दोन वेगळे धातू जोडले आणि एक जोड गरम, दुसरा थंड ठेवला तर त्यातून वीज वाहते.

ओहम यांनी बिस्मथ आणि तांबं यांची जोडी घेतली. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळत असेपर्यंत त्याचं तापमान बदलत नाही आणि बर्फ वितळत असेपर्यंत त्याचंही बदलत नाही. म्हणजे वीज देणारा जोर एकदम स्थिर झाला. किती साधी युक्ती आहे बघा! वीज फार थोडी मिळायची, पण ती दमत नव्हती. चुंबकसुई त्यांनी पातळ धातूच्या पट्टीला टांगली. वळलेली सुई जागेवर आणायला ती पट्टी किती पिळावी लागते, यावरून ते विद्युतधारा मोजत.

जानेवारी 1826 मध्ये त्यांनी सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. लांबी होती 2, 4, 6, 10, 18, 34, 66 आणि 130 इंच. एकेक तार जोडून वाचन घेतलं.

2 इंचाच्या तारेला त्यांचं वाचन आलं सुमारे 326¾. 130 इंचाच्या तारेला आलं सुमारे 48½.

आता हा आकडा मुलांना फळ्यावर लिहून द्या आणि विचारा. तार 65 पट लांब झाली, मग वीज 65 पट कमी व्हायला पाहिजे होती ना? पण ती तर पावणेसात पटच कमी झाली. मग नियम खोटा का?

ओहम यांचं मोठेपण इथे आहे. त्यांनी विचार केला की वीज फक्त या तारेतून जात नाही. ती बिस्मथमधून, जोडांमधून, उपकरणाच्या इतर भागांतूनही जाते. त्या सगळ्याचाही अडथळा असणारच. तो अडथळा त्यांनी तारेच्या भाषेत मांडला. त्यांच्या हिशोबाने तो सुमारे 20¼ इंच तारेइतका होता. आता बेरीज करा. 20¼ अधिक 2 म्हणजे 22¼. 20¼ अधिक 130 म्हणजे 150¼. या दोन्हींचा भागाकार केला तर येतो सुमारे 6.75. आणि वाचनांचा भागाकार? 326¾ भागिले 48½, म्हणजे सुमारे 6.74. बसलं की नाही!

म्हणजे विद्युतधारा ठरते ती पूर्ण परिपथावरून. वरती जोर, खाली सगळ्या अडथळ्यांची बेरीज. जोराला आपण आज विभवांतर म्हणतो, अडथळ्याला रोध. हाच ओहमचा नियम. मधल्या तारांची वाचनंही याच हिशोबात जवळपास बसली. पितळेची तार लावूनही त्यांनी पडताळा घेतला.

पितळ म्हटलं की आपल्या भंडाऱ्याची भांडी आठवतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वेगवेगळे धातू वीज किती सहज वाहून नेतात याची ओहम यांनी एक यादी केली होती. त्यात तांब्याला 1000 धरलं तर जस्त 333 आणि पितळ 280 असे आकडे होते. गंमत म्हणजे तांबं मिसळलेलं असूनही पितळ जस्ताच्याही खाली गेलं. मिश्रधातूत असं होतं. पण त्याच यादीत चांदी 356 वर, म्हणजे तांब्याच्या बरीच खाली होती. हे मात्र चूक आहे. चांदी तांब्यापेक्षा किंचित चांगली वाहक आहे. म्हणजे नियम शोधणाऱ्या माणसाच्या वहीतही चुकलेला आकडा होता. मुलांना हे जरूर सांगावं. चुकलेल्या वाचनाला लाल शाईने फुली मारण्याआधी ते का चुकलं असेल हे विचारावं.

पुस्तक आणि उपेक्षा

1826 मध्ये ओहम यांनी अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेतली आणि ते बर्लिनला गेले. तिथे 1827 मध्ये त्यांचं प्रसिद्ध पुस्तक निघालं. जर्मन नावाचा अर्थ साधारण असा : गॅल्व्हॅनिक परिपथ, गणिताने मांडलेला. गंमत म्हणजे परिपथासाठी त्यांनी वापरलेल्या जर्मन शब्दाचा अर्थ साखळी असा आहे. एक कडी सुटली की सगळंच सुटलं. फ्रान्सच्या फूरिये यांनी उष्णता धातूतून कशी वाहते याचं गणित 1822 मध्ये मांडलं होतं. त्याच धर्तीवर ओहम यांनी विजेचं गणित मांडलं.

आता आपल्याला वाटेल, लगेच नाव झालं असेल. तसं झालं नाही. पुस्तकात गणित होतं, पण प्रयोगशाळेतली ती सगळी मेहनत मागे राहिली होती. त्या काळच्या जर्मनीत बऱ्याच भौतिकशास्त्रज्ञांना एवढ्या गणिताची सवय नव्हती. पोल नावाच्या अभ्यासकाने तर पुस्तकावर कडक टीका केली. ओहम यांना आशा होती की या कामावर विद्यापीठात जागा मिळेल. ती मिळाली नाही. मन इतकं खट्टू झालं की ते कलोनच्या शाळेत परतलेच नाहीत. 1828 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि पुढची काही वर्षं बर्लिनच्या लष्करी शाळेत थोडे तास घेऊन कशीबशी काढली. नोकरी गेली, प्रयोगशाळाही गेली. वय होतं एकोणचाळीस.

मला इथे एक गोष्ट जाणवते. 1825 मध्ये प्रयोग होता, पण त्याला बरोबर बसणारा विचार नव्हता, म्हणून सूत्र चुकलं. 1826 मध्ये प्रयोग आणि विचार हातात हात घालून चालले, तेव्हा नियम सापडला. 1827 मध्ये नुसतं गणित पुढे ठेवलं, तेव्हा लोकांना ते समजलं नाही. एका हाताने टाळी वाजत नाही हेच खरं.

उशिरा आलेला मान

1833 मध्ये ओहम यांना न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निक शाळेत प्राध्यापकाची जागा मिळाली. 1839 मध्ये ते तिथले प्रमुख झाले. तोपर्यंत दुसऱ्या देशांत त्यांचा नियम प्रयोगाने पडताळला जाऊ लागला होता. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिलं. हा त्या काळचा फार मोठा सन्मान. पुढच्याच वर्षी सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य करून घेतलं. म्हणजे घरच्यांच्या आधी बाहेरच्यांनी ओळखलं.

1843 मध्ये इंग्लंडच्या व्हीटस्टन यांनी रोध मोजण्याच्या पद्धती मांडताना ओहम यांच्या नियमाचाच आधार घेतला. 1845 मध्ये किर्चहॉफ नावाच्या एकवीस वर्षांच्या जर्मन विद्यार्थ्याने याच्या पुढचं पाऊल टाकलं. अनेक फाटे असलेल्या परिपथात कुठे किती वीज वाहते हे काढण्याचे दोन नियम त्याने दिले. आज आयटीआय, पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगची मुलं परिपथाची जी गणितं सोडवतात आणि प्रयोगशाळेत मल्टीमीटर लावून पडताळतात, त्या सगळ्याचा पाया हाच.

1849 मध्ये ओहम म्युनिकला गेले आणि 1852 मध्ये तिथल्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तरुणपणी जी जागा पाहिजे होती ती त्रेसष्टाव्या वर्षी मिळाली. दोनच वर्षांनी, 6 जुलै 1854 रोजी त्यांचं निधन झालं. 1881 मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत रोधाच्या एककाला ओहम हे नाव मान्य झालं.

आपल्या वर्गासाठी

हे चरित्र वाचल्यावर मी माझ्या वर्गात सूत्राआधी प्रयोग घ्यायला लागले. सामान असं :

1. टॉर्चचे दोन नवे सेल आणि टॉर्चचा जुना, तार असलेला बल्ब. एलईडी नको, तो ओहमच्या नियमाप्रमाणे वागत नाही.
2. जुन्या बिघडलेल्या शेगडीची कॉईल, थोडी सरळ केलेली.
3. जोडायला तांब्याच्या तारा. शाळेत अमीटर असेल तर उत्तमच.

सेल, बल्ब आणि कॉईल एकामागे एक जोडा. तारेचं मोकळं टोक कॉईलवरून सरकवत न्या. जास्त कॉईल परिपथात आली की बल्ब मंद होतो, कमी आली की उजळतो. मुलं स्वतःच सांगतात की लांबी वाढली की अडथळा वाढतो. अमीटर असेल तर पहिलं वाचन शेवटी परत एकदा घ्या. फरक आला तर मुलांना विचारा, तार तीच, जोडणी तीच, मग बदललं काय? सेल दमला हे त्यांनीच शोधू द्या. पुढच्या वेळी ते वाचनापुरतंच टोक टेकवतील. ओहम यांना 1825 मध्ये जी अडचण आली ती मुलांना एका तासात अनुभवता येते.

महत्त्वाची सूचना : हा प्रयोग फक्त सेलवर करायचा. घरातल्या किंवा शाळेतल्या बोर्डाच्या विजेवर कधीही नाही. पालकांनीही लक्ष ठेवावं.

आणि त्या मुलाचा प्रश्न? हा प्रयोग झाल्यावर मी त्यालाच समोर बोलावलं. बल्बला मोटार समज आणि कॉईलला डीपीपासून तुमच्या बांधीपर्यंतची तार समज, एवढंच सांगितलं. तो थोडा वेळ टोक सरकवत राहिला. मग म्हणाला की आमचं शेत लायनीच्या शेवटी आहे, म्हणून अर्धा जोर तारेतच जात असेल. अर्धा नाही, पण काही भाग जातो खरा. आणि उन्हाळी धानाला संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की त्याच तारेतून जास्त वीज वाहते, म्हणून तारेत जाणारा जोरही वाढतो. मग शेवटच्या मोटारीला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, ती गुणगुणते आणि तापते. अशा वेळी मोटार लगेच बंद करावी, नाहीतर जळते, हे त्याने घरी जाऊन बाबांना सांगितलं.

फळ्यावरचं सूत्र तेच होतं, दोन वर्षांपूर्वी मी लिहिलेलं. फक्त या वेळी ते शेवटी लिहिलं आणि मुलांनी लिहायला लावलं.

आपल्यालाही वाटतं की आपण लहान गावातले शिक्षक, आपल्या शाळेत सामान नाही, आपली पदवी मोठी नाही. ओहम यांच्याकडे शाळेची प्रयोगशाळा, उकळतं पाणी, बर्फ आणि आठ तारा होत्या. यातलं बरंचसं आपल्याकडेही आहे. हा प्रयोग आपल्या वर्गात करून पाहा आणि मुलांची वाचनं, चुकलेली असली तरी, जशीच्या तशी वहीत राहू द्या.